वारं लागण्याआधी

एका बंद पेटीत एक उंदीर आहे. पेटीच्या भिंतीला लांब हातमोजे जोडलेले आहेत आणि काम करणाऱ्याचे फक्त हात आत आहेत. पेटीतल्या हवेत ऑक्सिजन आहे अवघा ३ टक्के. बाहेर, जिथं तो माणूस उभा राहून श्वास घेतोय, तिथं २१ टक्के. कात्री, सुया, नळ्या, पेशी धुवायची द्रावणं, सगळं बराच वेळ आधी आत आणून ठेवलंय, म्हणजे द्रावणात विरघळलेला ऑक्सिजनही उतरून त्याच पातळीला यावा. उंदराचं मांडीचं हाड काढणं, त्याच्या पोकळीत सुई घालून मज्जा बाहेर ढकलणं, पेशी सुट्या करणं, त्यांच्यावर ओळखीच्या रंगखुणा चढवणं, हे सगळं त्या पेटीतच उरकायचं. मज्जेतल्या पेशीला जन्मात कधी भेटली नसेल अशी हवा तिला एकदाही भेटता कामा नये, एवढाच सारा खटाटोप.

जून २०१५ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाचा हा गाभा. इंडियाना विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयातले चार्ली मँटेल हे त्याचे पहिले लेखक आणि यादीतलं शेवटचं, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं नाव हॅल ब्रॉक्समायर यांचं. ऑक्सिजनचा धक्का सौम्य केला तर रक्ताच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण अधिक परिणामकारक होईल का, असा त्याचा विषय. कवितेचं, बंदिशीचं, चित्राचं रसग्रहण आपण करतो. शोधनिबंधाच्या वाट्याला ते क्वचित येतं. या निबंधावर मात्र तो अन्याय होऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात रचना आहे, संयम आहे, आणि एक असं वाक्य आहे की ते लिहायला छाती लागते. त्या वाक्याकडे येण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

बाळ जन्मलं, नाळ कापली, की वारेत आणि नाळेत थोडं रक्त उरतं. शंभर मिलिलिटरच्या आतबाहेर. पिढ्यानपिढ्या ते वारेबरोबर टाकून दिलं जात होतं. या रक्तात रक्त निर्माण करणाऱ्या मूळपेशी असतात, प्रौढाच्या अस्थिमज्जेत असतात तशाच, किंबहुना जास्त जोमाच्या. रक्ताच्या कर्करोगात केमोथेरपी किंवा किरणोत्सर्ग देऊन रुग्णाची मज्जा मोकळी केली जाते आणि मग दुसऱ्याच्या मूळपेशी साध्या सलाइनसारख्या शिरेतून सोडल्या जातात. त्या रक्तातून फिरत हाडांपर्यंत पोचतात, तिथं बस्तान बसवतात, आणि काही आठवड्यांनी नवं रक्त बनू लागतं. मधल्या काळात रुग्णाजवळ जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी जवळजवळ नसतातच. साधी बुरशी, आपल्याच आतड्यातले जीवाणू, कशानंही जीव जाऊ शकतो. रुग्णाच्या खोलीबाहेर बसलेल्या आईवडिलांनी रोज सकाळी रक्ताच्या अहवालातला एकच आकडा पाहिलेला असतो. तो ५०० च्या वर गेला का?

नाळेतल्या रक्ताचा मोठा गुण असा की ते गोठवून तयार ठेवता येतं, दाता शोधत बसावं लागत नाही, आणि ऊतींची जुळणी पूर्ण नसली तरी चालून जातं. नवजात बाळाच्या प्रतिकारपेशींनी अजून जग पाहिलेलं नसतं, त्यामुळे त्या परक्या शरीरावर तेवढ्या तुटून पडत नाहीत. मोठा दोष एकच, पण जीवघेणा. पेशी कमी पडतात. मज्जेच्या प्रत्यारोपणात मिळतात त्याच्या साधारण दहावा हिस्सा. लहान मुलाला पुरतात. सत्तर किलोच्या माणसाला एका नाळेतलं रक्त बहुधा पुरत नाही. न्यूट्रोफिल परतायला तीन-चार आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांत माणसं दगावतात. नाळेतल्या रक्ताच्या मूळपेशी ‘सुधारायच्या’ म्हणजे काय करायचं, याचं उत्तर या एका अडचणीतून निघतं.

आता १९८८. फॅन्कोनी अॅनिमिया हा जन्मजात आजार असलेला अमेरिकेतला पाच वर्षांचा मुलगा. त्याची बहीण आईच्या पोटात असतानाच तिला हा आजार नाही आणि तिची जुळणी भावाशी होते, हे तपासून झालं होतं. तिच्या जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त गोळा केलं, ते इंडियानापोलिसला ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत तपासलं आणि गोठवलं. गोठलेल्या अवस्थेतच ते पॅरिसला नेलं आणि ६ ऑक्टोबर १९८८ रोजी सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी ते त्या मुलाला दिलं. नाळेतलं रक्त असं वापरायची कल्पना मुळात एडवर्ड बॉयस यांची. तिला आकड्यांचा आधार दिला ब्रॉक्समायर यांनी. तो मुलगा पंचवीस वर्षांनंतरही ठणठणीत होता.

त्या आकड्यांचा निबंध १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात आला. रसिकानं २०१५ चा निबंध वाचण्याआधी हा वाचावा. शंभरावर नाळांतल्या रक्ताची मोजदाद करून लेखक सांगतात की एका नाळेतल्या पूर्वज पेशींची, म्हणजे मूळपेशींच्या पुढच्या पायरीवरच्या पेशींची, संख्या यशस्वी मज्जारोपणात वापरलेल्या संख्येच्या टप्प्यात येते. निबंध इथं संपला असता तरी तो ऐतिहासिक ठरला असता. पण त्यात एक बारीक निरीक्षण आहे. नाळेतल्या रक्तातून तांबड्या पेशी वेगळ्या काढायचा प्रयत्न केला, किंवा गोठवलेलं रक्त वितळवल्यावर ते धुतलं, तर पूर्वज पेशींचं फार मोठं नुकसान होतं. म्हणून शिफारस अशी की काही काढू नका, धुऊ नका, आहे तसं ठेवा. स्वच्छता हा ज्या क्षेत्राचा धर्म, तिथं ‘हात कमी लावा’ असं सांगणं सोपं नव्हतं. माझं म्हणणं असं की ब्रॉक्समायर यांच्या साऱ्या कामाचा स्वभाव या एका शिफारशीत दिसतो. पेशी कशा वाढवाव्यात याआधी त्या आपल्या हातून कशा जातात, हे त्यांना विचारावंसं वाटतं.

मधली पंचवीस वर्षं जगानं वाढवण्याकडेच जास्त लक्ष दिलं. हार्वर्डमध्ये झेब्राफिशवर हजारो रसायनं तपासून प्रोस्टाग्लँडिन ई-२ मूळपेशी वाढवतं हे सापडलं, २००७ साली. सिएटलमध्ये कॉलिन डेलेनी आणि अर्विन बर्नस्टाइन यांनी नॉच नावाच्या संदेशमार्गाला चेतवून पेशी वाढवल्या आणि २०१० मध्ये त्या माणसांना दिल्या. मिनेसोटात दोन बाळांच्या नाळांतलं रक्त एकाच रुग्णाला द्यायची पद्धत रुजली. गंमत अशी की काही आठवड्यांनी त्यातल्या एकाच बाळाच्या पेशी टिकतात, दुसऱ्याच्या नाहीशा होतात. प्रत्येक प्रयोग मोलाचा होता. पण सगळ्यांचा आरंभबिंदू एकच होता, पिशवीत मोजून मिळालेला आकडा.

२०१५ चा निबंध त्या आकड्यालाच हात घालतो.

मज्जेत ऑक्सिजन कमी असतो हे तोवर कोणाला नवं नव्हतं. २०१४ मध्येच बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी जिवंत उंदराच्या कवटीच्या हाडात डोकावून तो थेट मोजला होता. काही कोपऱ्यांत तो १ टक्क्याच्या थोडा वर भरला. नाळेतही तीच गोष्ट. वारेतून ऑक्सिजन घेऊन गर्भाकडे जाणारं रक्त नाळेतल्या शिरेतून येतं तेव्हासुद्धा त्यातल्या ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. आपल्या धमनीत तो नव्वदच्या पुढे असतो. सगळ्यांना माहीत असलेल्या या गोष्टीवरून मँटेल आणि ब्रॉक्समायर एक प्रश्न विचारतात. पेशी जिथं राहते तिथं ऑक्सिजन ३ टक्के, आणि आपण ती बाहेर काढतो, मोजतो, गोठवतो, रुग्णाला देतो ते सगळं २१ टक्क्यांत, तर आपण नेमकं काय मोजतो आहोत?

आणि मग ते वाक्य येतं. त्याचा आशय असा की रक्ताच्या मूळपेशींवरचे आजवरचे जवळजवळ सगळे अभ्यास साध्या हवेत काढलेल्या पेशींवर झालेले आहेत. निबंधाच्या सारांशात, दुसऱ्याच ओळीत, कसलाही आवेश न आणता ते लिहिलंय. ‘सगळे’ यात कोण येतं? हे क्षेत्र ज्यांनी उभं केलं ते सगळे येतात. आणि ब्रॉक्समायर स्वतः येतात. १९८९ चा तो निबंध, त्यातल्या शंभरावर नाळा, पॅरिसला नेलेलं ते रक्त, सगळं साध्या हवेतच हाताळलेलं. सत्तरीच्या आसपासचा संशोधक आपल्या कीर्तीचा पाया असलेल्या मोजमापाला एका दुय्यम वाक्यात समाविष्ट करतो आणि पुढे जातो. स्वतःचं नाव घेऊन तो कबुलीचा प्रसंग उभा करत नाही, आणि दुसऱ्यांकडे बोटही दाखवत नाही. ही मला या निबंधातली सर्वांत सुंदर जागा वाटते.

प्रयोगाची रचना आता जवळून पाहू. मज्जेच्या पेशी घ्यायच्या. एक हिस्सा पेटीतच ३ टक्क्यांत ठेवायचा, दुसऱ्याला थोडा वेळ साधी हवा लागू द्यायची. बाकी सगळं तंतोतंत सारखं. मग मोजायचं. निकाल असा की थोडा वेळ हवा लागली तरी दीर्घकाळ रक्त निर्माण करण्याची ताकद असलेल्या मूळपेशी कमी होतात. पेटीत राहिलेल्या हिश्श्यात त्या काही पटींनी जास्त भरतात.

इथं साधा लेखक ‘हवेनं पेशी मरतात’ असं लिहून मोकळा झाला असता. हे लेखक थांबत नाहीत. ज्या हिश्श्यात मूळपेशी घटल्या त्याच हिश्श्यात पुढच्या पायरीच्या पूर्वज पेशी वाढलेल्या त्यांना दिसतात. म्हणजे पेशी मेल्या नव्हत्या. त्या पुढे सरकल्या होत्या. मूळपेशीचं सगळं सामर्थ्य तिच्या थांबून राहण्यात आहे. ती क्वचित विभाजते, स्वतःसारखी दुसरी मागे ठेवते, आणि म्हणून आयुष्यभर पुरते. हवेच्या धक्क्यानं ती हे थांबणं सोडते आणि कामाला लागते. काही आठवडे तिची संतती रक्त बनवेल, नंतर तो झरा आटेल. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला दोन्ही लागतात हे खरं, पण पहिलीच्या जागी दुसरी चालत नाही. फाटक्या पोत्यातून धान्य आणायचं आणि घरी पोचल्यावर उरलेलं मापून ‘शेतात एवढंच पिकलं’ म्हणायचं, असं इतकी वर्षं चाललं होतं.

पण पेशींवरच्या रंगखुणा मोजून मूळपेशी ठरवणं हा पुरावा अर्धाच. खुणा फसवू शकतात, आणि हवेनं नुसत्या खुणाच बदलल्या असतील तर? ही शंका वाचकाच्या मनात येण्याच्या बेतात असतानाच निबंध त्या प्रयोगाकडे वळतो ज्याला या क्षेत्रात अंतिम कसोटी मानतात. ज्यांची मज्जा किरणांनी नष्ट केली आहे अशा उंदरांना तपासायच्या पेशी आणि स्पर्धक पेशी एकत्र मिसळून द्यायच्या. दोघींचा वंश जवळजवळ एकच, फरक फक्त पांढऱ्या पेशींवरच्या सीडी-४५ या प्रथिनाच्या एका बारीक खुणेत. मग वाट पाहायची, महिनोन् महिने. चार महिन्यांनी त्या उंदराच्या रक्तात कोणाची संतती किती, हे त्या खुणेवरून कळतं. वेगवेगळ्या मात्रा देऊन, किती पातळ मिश्रणातही तपासायच्या पेशींची संतती दिसते हे पाहून, मूळ मिश्रणात खऱ्या मूळपेशी किती होत्या याचं गणित मांडता येतं. इथं पेशीचा चेहरा बघत नाहीत, तिचं आयुष्यभराचं काम बघतात. आणि इथंही ३ टक्क्यांचा हिस्सा जिंकतो.

या जागेवर मी प्रत्येक वेळी थबकतो. चार महिने वाट पाहून मिळालेला हा निकाल आहे, आणि ज्या घटनेचा तो निकाल आहे ती घडली होती चार महिन्यांपूर्वी, पेटीच्या आत की बाहेर या थोड्याशा वेळात. कार्य आणि कारण यांच्यामधलं हे अंतर वाचकाला जाणवू देण्यासाठी लेखक एकही विशेषण खर्चत नाहीत.

पुढचा भाग यंत्रणेचा, आणि तो मला पहिल्याइतका निर्दोष वाटत नाही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात एक रंध्र असतं; ताण वाढला, ऑक्सिजनचे उपद्रवी घटक वाढले, की ते उघडतं. ते उघडायला सायक्लोफिलिन-डी हे प्रथिन मदत करतं. ज्या उंदरांत हे प्रथिनच जनुकीयदृष्ट्या काढून टाकलेलं आहे त्यांच्या मज्जेला हवेचा हा मार बसत नाही, हे दाखवणारा प्रयोग स्वच्छ आणि खणखणीत आहे. पण त्याच्याभोवती पी-५३ हे प्रथिन येतं, ऑक्सिजन कमी असताना जागं होणारं एचआयएफ-१-अल्फा येतं, सूक्ष्म आरएनए येतो, आणि आकृत्यांची गर्दी होते. प्रत्येक धागा खरा असेल. पण एका निबंधात सगळे विणायचा मोह टाळला असता तर मधली पानं वाचताना धाप लागली नसती. सायक्लोफिलिनचा पुरावा जितका पटतो तितका पी-५३ चा मला पटत नाही, तो जोडल्यासारखा वाटतो. मोठ्या नियतकालिकांचे परीक्षक ‘यंत्रणा कुठे आहे’ असं विचारतात आणि लेखक सगळा साठा पुढे मांडतात. ती खूण इथं दिसते.

तरीही या गर्दीतूनच कलाटणी निघते. हे रंध्र बंद ठेवणारं एखादं औषध आहे का? आहे, आणि ते प्रत्येक प्रत्यारोपण विभागाच्या कपाटात आहे. सायक्लोस्पोरिन. एका बुरशीपासून मिळालेलं हे औषध प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी वापरतात; दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू नये म्हणून प्रत्यारोपणाच्या रुग्णांना ते कित्येक वर्षांपासून दिलं जातंय. प्रतिकारपेशींत ते एका प्रथिनाला धरतं आणि मायटोकॉन्ड्रियात त्याच कुळातल्या दुसऱ्याला, म्हणजे याच सायक्लोफिलिन-डीला. लेखकांनी काय केलं? पेटी बाजूला ठेवली, साध्या हवेतच मज्जा गोळा केली, फक्त गोळा करायच्या द्रावणात सायक्लोस्पोरिन घातलं. मूळपेशी वाचल्या. मग माणसाच्या नाळेतलं रक्त घेतलं आणि तिथंही तेच पाहिलं. ज्यांना स्वतःची प्रतिकारशक्ती नाही अशा उंदरांत त्या मानवी पेशी सोडल्या आणि त्यांनी तिथं जास्त चांगलं मूळ धरलं.

आता या रचनेकडे एकदा सलग पाहा. सुरुवातीला एक पेटी, जी कुठल्याच प्रसूतिगृहात नेता येणार नाही. वाचकाला वाटतं, सत्य सापडलं पण ते वापरायचं कसं? मग यंत्रणेच्या दाट झाडीतून निबंध चालतो आणि बाहेर पडतो तो थेट औषधाच्या बाटलीपाशी. पेटी हवी होती ती प्रश्न सिद्ध करायला. उत्तराला तिची गरज उरत नाही. म्हणून हा शेवट आल्यावर समाधान देतो. लेखकांच्या यादीत रक्तशास्त्रज्ञांच्या शेजारी मायटोकॉन्ड्रियाचा अभ्यासक आहे आणि प्रसूतितज्ज्ञही आहे. निबंधाचा प्रवास त्या नावांतच वाचता येतो.

उणिवाही सांगायला हव्यात. मानवी नाळेचा भाग उंदराच्या भागापेक्षा बारीक आहे. उंदरात जे कसून तपासलं ते माणसाच्या पेशींत तेवढ्याच कसून तपासता आलेलं नाही, आणि काही अंशी ते शक्यही नव्हतं. शिवाय जगातल्या पेढ्यांमध्ये नाळेतलं रक्त गोळा केल्यापासून गोठवेपर्यंत ४८ तासांपर्यंतचा अवधी चालतो. पहिल्या क्षणांतला धक्का टाळल्याचा फायदा पुढच्या प्रवासात, गोठवण्यात आणि वितळवण्यात किती शिल्लक राहतो, हा व्यवहारातला खरा प्रश्न, आणि निबंध त्याच्या उंबऱ्यापर्यंतच जातो. नेहमीच्या संकलनात ही पद्धत रुळलेली नाही. सारांशाचं शेवटचं वाक्यसुद्धा ‘फायदा होऊ शकेल’ इतकंच म्हणतं. मला तो संयम योग्य वाटतो.

दरम्यान वाढवण्याचा रस्ता मुक्कामाला पोचला. इस्रायलच्या गॅमिडा सेल या कंपनीनं नाळेतल्या रक्तातल्या निवडक पेशी निकोटिनामाइडमध्ये, म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या एका रूपात, तीन आठवडे वाढवल्या. उरलेल्या पेशी, ज्यांत प्रतिकारपेशी असतात, न वाढवता तशाच परत जोडल्या. १२५ रुग्णांच्या चाचणीत न्यूट्रोफिल परतायला लागणारा मध्यम काळ २२ दिवसांवरून १२ दिवसांवर आला, जंतुसंसर्गही कमी झाले. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ‘ओमिसर्ज’ या नावानं त्याला परवानगी दिली. ते दहा दिवस म्हणजे काय, हे त्या खोलीबाहेर बसलेल्यांना विचारावं. पण एका रुग्णासाठीच्या या उपचाराची अमेरिकेतली जाहीर किंमत २०२३ मध्ये तीन लाख डॉलरच्या पुढे होती. आणि एवढ्यात अर्ध्या जुळणीचे दाते, म्हणजे आई, बाप, भावंडं, यांच्याकडून प्रत्यारोपण करण्याचं तंत्र इतकं सुधारलं की नाळेतल्या रक्ताचा वापरच ओसरला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दोन नाळांचं रक्त आणि अर्ध्या जुळणीची मज्जा यांची थेट तुलना झाली आणि दोन वर्षांनी जगलेल्यांचं प्रमाण मज्जेच्या बाजूनं ५७ टक्के, नाळेच्या बाजूनं ४६ टक्के भरलं. नाळेतल्या रक्ताच्या पाठीराख्यांनी हा आकडा नजरेआड करू नये. तोच आकडा मला २०१५ च्या निबंधाकडे परत नेतो. गोळा करताना गमावलेल्या पेशी वाचवल्या असत्या तर ही तुलना कशी दिसली असती? महागड्या वाढीच्या आधी स्वस्तातलं जपणं का केलं जाऊ नये? ही दोन कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. वाढवायलाही चांगलं बियाणंच लागतं.

आपल्याकडे हा विषय सामान्य घरात शिरतो तो खाजगी पेढ्यांच्या जाहिरातींतून. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवा, पुढे त्याच्याच उपयोगी पडेल. पुणे-मुंबईच्या प्रसूतितज्ज्ञांच्या प्रतीक्षागृहांत ही पत्रकं सर्रास दिसतात. इथं ठामपणे बोललं पाहिजे. थॅलसेमिया असलेल्या मुलाच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो; रक्ताच्या कर्करोगात स्वतःच्या पेशी परत देणं बहुधा निरर्थक ठरतं. स्वतःच्या भविष्यातल्या वापरासाठी रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, हीच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची भूमिका आहे. घरात आधीच आजारी भावंड असेल, त्याला प्रत्यारोपणाची गरज असेल, तर गोष्ट वेगळी, आणि १९८८ ची गोष्ट नेमकी तीच होती. एका बहिणीचं रक्त भावाला मिळालं. जाहिरातीत ती कथा जेव्हा ‘स्वतःसाठी विमा’ म्हणून सांगितली जाते तेव्हा मला राग येतो, कारण पत्रकातली पिशवी आणि निबंधातली पिशवी यांत फार मोठं अंतर आहे. निबंध वाचलेल्या माणसाला निदान हे विचारता येईल की माझ्या बाळाचं रक्त किती तासांत गोठवता, त्यात खऱ्या मूळपेशी किती याची कोणती कसोटी लावता, आणि आजवर तुमच्या किती पिशव्या कोणाच्या उपयोगी पडल्या.

ब्रॉक्समायर ८ डिसेंबर २०२१ रोजी वारले. त्यांच्या नावावर शेकडो निबंध आहेत. २०११ मध्ये त्यांनी तेवीस वर्षांहून अधिक काळ गोठवून ठेवलेल्या नाळेतल्या रक्तातून जोमदार पेशी पुन्हा मिळवून दाखवल्या. उपयोगाच्या दृष्टीनं १९८९ चा निबंध त्यांच्या सगळ्या कामात मोठा, यात वाद नाही. हजारो माणसं त्याच्यामुळे जगली. पण मला निवड करायची झाली तर मी २०१५ चा निबंध वर ठेवेन. पहिल्यात त्यांनी टाकाऊ समजल्या गेलेल्या रक्तात काय आहे हे मोजलं. दुसऱ्यात त्यांनी आपल्याच मोजण्याला प्रश्न विचारला, आणि तो विचारण्यासाठी एक पेटी बांधली.

जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा वैद्यक शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती. हा निबंध पबमेड सेंट्रलवर पूर्ण आणि मोफत उपलब्ध आहे. सारांश वाचून थांबू नका. आधी पद्धतींचा भाग वाचा, पेटीत काय काय ठेवलं होतं ते नीट पाहा, मग पहिल्या दोन आकृत्या, आणि यंत्रणेची पानं सर्वांत शेवटी. वर्गात शिकवणार असाल तर १९८९ चा निबंध त्याच्या शेजारी ठेवून शिकवा.